रहाडीवरची काच आणि टेपचं दुसरं टोक

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि विशेषकरून नाशिकच्या त्या साहेबांच्या कचेरीस या लेखाद्वारे कळविण्यात येते की, रंगपंचमीच्या दुपारी जुन्या नाशकातल्या एका चौकात जो प्रकार घडला, त्यात मी साहेबांना ढकललेलं नाही. मी त्यांच्यापासून पंचवीस फुटांवर उभी होते. हे अंतर अंदाजपंचे नाही, मोजलेलं आहे. किंबहुना ते मोजत असतानाच प्रकार घडला. आता सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे माझं निरपराधित्व तुमच्याही लक्षात येईल.

माझा धाकटा भाऊ श्रीधर पुण्यात वास्तुविशारद आहे. तो नव्या इमारती बांधत नाही, जुन्या पडू नयेत म्हणून धडपडतो. कुंभमेळा तोंडावर आला होता. नाशकात रस्ते, घाट, पूल, सगळ्यांचीच वरातीची तयारी चालली होती आणि एका समितीनं श्रीधरवर काम सोपवलं होतं: जुन्या गावातल्या ऐतिहासिक वास्तूंची यादी कर, मोजमापं घे, आणि लोकांनी येऊन त्या बघाव्यात पण बघून बघून संपवू नयेत, यासाठी काय करता येईल ते लिहून दे. ऐनवेळी त्याचा मदतनीस कांजिण्यांनी आडवा झाला. मोजमापाला दोन माणसं लागतात. एक टेप वाचणारा, दुसरा टेपचं दुसरं टोक धरणारा. दुसऱ्याला अक्कल लागत नाही. म्हणून श्रीधरनं सांगलीला मला फोन केला.

मी शाळेत भूगोल शिकवायची, आता सोडलं. हौशी नाटकांत मात्र खाष्ट सासू अजून माझ्याकडेच आहे. मी पिशवी भरून तयार झाले.

"ताई, एकच लक्षात ठेव," पुण्याहून निघालेल्या बसमध्येच श्रीधरनं तंबी दिली. "मी 'ताण धर' म्हटलं की ताण धरायचा. टेप मध्ये लोंबली की माप खोटं येतं."

"आणि तू म्हणायला विसरलास तर?"

"तरी धरायचा."

हे वाक्य पुराव्यादाखल बाजूला काढून ठेवावं.

पहिला दिवस: अस्थी कुणाच्या?

गोदावरीच्या काठी उतरलो तेव्हा सकाळचं ऊन काळ्या पाषाणावर पडलं होतं. मी म्हटलं, वा! श्रीधरनं मात्र डोळे मिटून घेतले. कारण पाषाण अर्धाच काळा होता. एका देखण्या दीपमाळेला कुणीतरी कमरेपर्यंत गुलाबी ऑइलपेंट फासला होता. कमरेच्या वर हात पोचला नसावा.

शेजारच्या पूजासाहित्याच्या दुकानातले काका अभिमानानं पुढे आले. "मागच्या कुंभाला आम्हीच लावला. तीन हात दिलेत. हात लावून बघा, अजून चकचकीत आहे."

श्रीधर पायरीवरच बसला. मग शिक्षकाच्या सुरात त्यानं समजावलं की दगडाला श्वास घ्यावा लागतो, पेंटमुळे आतलं पाणी आतच कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काकांनी सगळं मन लावून ऐकलं. भला माणूस! चूक कळल्यावर त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

"म्हणजे काढायचा म्हणता?"

"काढायचा."

"काढू की. पोरांना सांगतो आजच." काका दुकानाकडे वळले आणि परत आले. "आणि मग त्यावर कुठला लावू?"

दुपारी रामकुंडाजवळच्या पायऱ्या मोजायला घेतल्या. श्रीधर वर, मी खाली, पाण्याच्या कडेला. मी ताण धरला होता, पण मागून आलेल्या एका यजमानांच्या ओल्या टॉवेलचा फटका श्रीधरच्या कोपराला बसला आणि त्याची पोलादी टेप, जर्मन बनावटीची, त्याच्या हातातून सुटून सळसळत माझ्याकडे आली आणि माझ्या हातातलं टोकही हिसकावून कुंडात गेली. मी वाकून पाण्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर दुःख असणारच. लगेच एक गुरुजी हळुवारपणे जवळ आले.

"कुणाच्या होत्या?"

"भावाच्या," मी म्हटलं.

गुरुजींनी वर उभ्या असलेल्या, संतापलेल्या, चांगल्या धडधाकट भावाकडे बघितलं आणि गोत्र विचारायचं रद्द केलं.

संध्याकाळी मेन रोडवर नवी टेप घेतली. पोलादी मिळाली नाही. पन्नास फुटी कापडी मिळाली, टोकाला बोट अडकवायला पितळी कडी. श्रीधरला ती शिंप्याची वाटली. मला आवडली. कडीत बोट घातलं की टोक सुटायचं कारण नाही. हेही बाजूला काढून ठेवा.

रात्रीचं जेवण टाळून आम्ही मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या मिसळीचा कट लालभडक, बघूनच घाम फुटणारा. इथला रस्सा काळसर, मसाल्याचा, वर पापड आणि दही; वादावादी करणाऱ्याला आधी बसवून पाणी द्यावं तशी वागणूक. द्राक्षांवरून मात्र मी वाद घातलाच. मी तासगावच्या शेजारची, नाशिककरांसमोर गप्प बसले असते तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. हॉटेलमालकांनी एक घड आणून ठेवला. मी खाल्ला, सगळा, आणि म्हटलं, "बरी आहेत." खाष्ट सासूला एवढं बोलायलाही कष्ट पडतात.

दुसरा दिवस: कशावर बसलाय?

समितीच्या यादीत एक विचित्र नोंद होती: 'रहाड. पेशवेकालीन. अस्तित्व संशयास्पद.' त्यासोबत जुन्या गावातल्या एका चौकाचं नाव. ते नाव मी इथे लिहिणार नाही. प्रवासवर्णनात जागेचं नाव लपवणं म्हणजे पाककृतीत मीठ लपवणं, हे मला कळतं. पण तिथल्या लोकांनी शपथ घातली आहे, कारण नाव छापलं तर पुढच्या वर्षी तुम्ही सगळे जाल.

चौक असा: एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला मारुती, मध्ये दोन टेम्पो, एक हातगाडी आणि एक गाय. श्रीधरनं चारही बाजू मोजल्या. भिंती ठोकल्या. मारुतीच्या मागं वाकून बघितलं. तासाभरानं गिरणीवाल्यांनी दया येऊन रस्त्याच्या मधोमध दोन खुर्च्या टाकल्या आणि चहा मागवला. त्यांचं नाव गोविंदमामा. वय सत्तरीला टेकलेलं, भुवयांवर कायमचं पीठ.

श्रीधरनं वहीत लिहिलं: 'संरचना आढळली नाही.' आणि सुस्कारा सोडून चहा घेतला.

"काय शोधताय एवढं?" मामांनी विचारलं.

"इथं रहाड होती म्हणतात. दगडी हौद."

"होती काय, हाय की."

"कुठे?"

मामांनी खुर्चीकडे बघितलं. "कशावर बसलाय?"

श्रीधर असा उठला की चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर आला. श्रीधर नेहमी पांढराच शर्ट घालतो, कडक इस्त्रीचा. लहानपणापासून रंगपंचमीला तो माळ्यावर जाऊन बसायचा.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या नाशकात रस्त्याखाली दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यांच्यावर जाड लाकडी ओंडके, ओंडक्यांवर माती, मातीवर रस्ता आणि रस्त्यावर गाय. रंगपंचमीच्या आधी चौकातले लोक ती उकरतात, धुतात, पाण्यानं भरतात, फुलं उकळून केलेला रंग ओततात, पूजा करतात आणि मग उड्या. उडीला म्हणतात धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, ह्या चौकाचा पिवळा. पहिल्या धप्प्याचा मान ठरलेल्या घराण्याचा, इथे गोविंदमामांचा. खेळ संपला की पाणी उपसून पुन्हा ओंडके, माती, रस्ता, गाय.

"आमचे नियम दोनच," मामा बोटं पुढे करून म्हणाले. "जो काठावर उभा राहील, तो आत जाईल. मग तो कुणी का असंना. आणि जो नुसता बघायला येईल, त्यानं झाकताना एक घमेलं माती टाकायची. फुकट बघायचं नाय."

पर्यटनावर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. तीन-तीन तासांची. घमेल्याइतकं मुद्द्याचं कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात गिरणीच्या मागच्या दारातून मामी आल्या, हाताला भाकरीचं पीठ. "सांगा त्यांना ते मशिनीचं पण. नुसत्या बढाया मारताय."

मामांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तिथं काँक्रीट कालवायचं यंत्र उभं होतं. कुंभमेळ्यासाठी हा रस्ता काँक्रीटचा होणार होता, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात.

"डांबर होतं तवर ठीक होतं," मामा म्हणाले. "कुदळीनं उकरता येतं. काँक्रीट पडल्यावर उघडायची कशी? यंदाचा धप्पा शेवटचा. माझ्या बापानं मला पाच वर्षांचा असताना खांद्यावर घेऊन उडी मारली होती. त्याच्याही बापानं... आणि बंद कुणाच्या हातून पडली? गोविंदाच्या."

"यांचा जीव त्या खड्ड्यात आहे," मामी मला म्हणाल्या. "घर गळतंय ते दिसत नाही. खड्ड्याला काय झालं की जेवत नाहीत." आणि मग पदराला हात पुसत हळूच, "दोन दिवस जेवले नाहीत हो, ताई."

तिसरा दिवस: दोन रकाने

सकाळी चौक उकरायला सुरुवात झाली. अर्धी गल्ली कुदळ-फावडी घेऊन आलेली. माती निघाली, ओंडके निघाले, एकेकाला सहा-सहा माणसं. आणि मग खाली ते उघडं पडलं: चौकोनी, पुरुषभराहून खोल, चारी बाजूंनी घडीव काळा दगड, सांधा असा की नखसुद्धा जाऊ नये.

श्रीधर शिडीवरून खाली उतरला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मी काठावरून डोकावले तर हा भिंतीला कान लावून उभा.

"ताई," तो खालून म्हणाला, "दोनशे वर्षांचं काम, अग, आणि काल केल्यासारखं. पुण्यात उघड्यावरच्या बारवा बघ. झाडं उगवलीत, दगड सुटलेत, दारूच्या बाटल्या. ही कशी राहिली?"

"बंद होती म्हणून," मी म्हटलं. पण ते त्याला ऐकू गेलं नाही. वरून गाडीचं दार वाजलं होतं. साहेब आले होते.

साहेब वाईट मनुष्य नव्हते, हे मी आवर्जून सांगते. माझ्या खटल्यालाही ते उपयोगी पडेल. पन्नाशीच्या आतले, तरतरीत, सफारी सूट, काखेत फाईल. समितीचा अहवाल त्यांच्याकडे जायचा होता आणि रस्त्याचं कामही त्यांच्याच अखत्यारीत होतं. रहाड बघून तेही काठाशी वाकले. मग त्यांचे डोळे चमकले.

"काच!" ते म्हणाले.

"काय?" श्रीधर म्हणाला.

"वरून जाड काच बसवायची. आत दिवे. चारी बाजूंनी कठडा, माहितीचा फलक. वर्षभर, बारा महिने पर्यटक येतील, वरून बघतील. एका कॅलेंडरवर मी असा फोटो पाहिलाय, परदेशातला. अप्रतिम दिसतं."

"आणि रंगपंचमी?" मामांनी विचारलं.

"ती बंद. पुरातन वास्तूत उड्या कशा मारून चालतील? धोका आहे वास्तूला."

"मग काचेवरून धप्पा मारू का?"

साहेबांनी फाईल उघडून छापील कागद दाखवला. "हे पाहा, माझ्या हातात काही नाही. रकाने दोनच आहेत. 'संरक्षित' किंवा 'नोंद नाही'. संरक्षित म्हटलं तर वापर बंद, काच. नोंद नाही म्हटलं तर रस्ता ठरल्याप्रमाणे, काँक्रीट. परवा रंगपंचमी आहे, त्या संध्याकाळपर्यंत अहवाल हवा." श्रीधरच्या खांद्यावर त्यांनी थाप मारली. "मला वाटतं, काचच."

ते गेल्यावर मामा रहाडीच्या काठावर बसून राहिले. दोन्ही रकान्यांत त्यांना एकच गोष्ट दिसत होती. काँक्रीटखाली काय आणि काचेखाली काय, उडी नाहीच.

संध्याकाळी मामींनी आम्हाला जेवायला बसवलं. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, चंद्रासारखी गोरी. ही नागलीची सावळी, पण ठेच्याबरोबर जी काही जमते! मामा मात्र समोर बसून नुसतं पाणी पीत होते.

"काच वाईट नाही, ताई," श्रीधर हळू आवाजात म्हणाला. "निदान वास्तू तरी राहील. नाहीतर काँक्रीट."

इथे माझ्यातली भूगोलाची शिक्षिका आणि खाष्ट सासू, दोघी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"श्री, आपल्या आजोळचं पेव आठवतं का?"

सांगलीजवळ हरिपुरात हळद जमिनीतल्या पेवांत ठेवायचे. वरून दिसायला काही नाही, फक्त मातीत एक तोंड. आत खाली घरभर जागा. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती. वर्षानुवर्षं कीड नाही, ओल नाही. आमचे आजोबा सांगायचे, पेव भरलेलं असतं तोवर जगतं. उघडून रिकामं ठेवलं की दोन पावसाळ्यांत भिंती खचतात.

"ती हळद होती," श्रीधर म्हणाला. "हा दगड आहे."

"दगडावर काच ठेवलीस तर आत काय होईल ते सांग. नाशिकचं चैत्राचं ऊन, वरून काच, खाली ओल. आमच्या शेजारच्या मास्तरांनी गच्चीत काचेची पेटी करून त्यात झाडं लावली होती. आठ दिवसांत नुसतं शेवाळ."

श्रीधरचा घास हातातच राहिला. हिशेबी माणसाच्या चेहऱ्यावर एखादं गणित उलटं सुटायला लागतं तेव्हा जे दिसतं, ते दिसलं.

"आणि कोण धुणार ती?" मामी मध्येच म्हणाल्या. "आता दरवर्षी सगळी गल्ली उतरून घासते, का? तर उडी मारायची असते म्हणून. उडी नाही तर कोण उतरतंय? सरकार?"

श्रीधर उठला. हात धुतले. मामांच्या गिरणीतल्या दिव्याखाली वही उघडून बसला आणि छापील कागदावर त्यानं पट्टीनं स्वतःच तिसरा रकाना आखला. त्यात लिहिलं: 'संरक्षित, वापरात.' खाली सविस्तर: रहाडीवर ओंडके व माती पूर्ववत, त्यावर काँक्रीट नको, सुटे दगडी चौकोन बसवावेत, जे दरवर्षी काढता येतील, जड वाहनं बंद, एका वेळी काठाशी किती माणसं, ते चौकानं ठरवावं, दर्शनाचा दिवस वर्षातून एकच. शेवटची ओळ मी सांगितली आणि त्यानं निमूटपणे लिहिली: प्रत्येक प्रेक्षकानं एक घमेलं माती.

मामांनी ते वाचायला चष्मा लावला. वाचून झाल्यावर मामींना म्हणाले, "एक भाकरी दे."

"साहेब मानतील का?" मी विचारलं.

"नाही मानणार," श्रीधर म्हणाला.

रंगपंचमी: ताण धर

सकाळपासून चौकात मोठ्या कढईत फुलं उकळत होती. पिवळ्याबद्दल मला कुणी काही सांगू नये, मी हळदीच्या गावची आहे. पण असा पिवळा मी बघितला नव्हता. वरून ऊन, खाली दगड काळा, आणि मध्ये तो रंग हलतोय.

पूजा झाली. मामांनी सदरा काढला, कमरेला पंचा घट्ट बांधला. सत्तरीचा माणूस काठावर उभा राहिला. सगळ्यांना ठाऊक होतं, कदाचित हा शेवटचा. मामांनी मारुतीकडे बघितलं, मामींकडे बघितलं, आणि उडी मारली. असा धप्पा, की पाणी गिरणीच्या पाटीपर्यंत उडालं. मामी मोठ्यानं म्हणाल्या, "हळू, हाडं आहेत ती!" आणि डोळ्यांना पदर लावला.

मग काय, धप्पेच धप्पे. पोहणारे चार पठ्ठे चार कोपऱ्यांत पाण्यातच काठ धरून असतात, उडी मारणाऱ्याला वर काढायला. आमच्या सांगलीला रंगपंचमी म्हणजे पिचकाऱ्या आणि लपाछपी. एकानं दुसऱ्याला रंगवायचं. इथे कुणी कुणाला रंगवत नाही, जो तो स्वतःहून रंगात जातो. मला हा फरक फार आवडला. मी गिरणीच्या ओट्यावरून बघत होते आणि शिट्टी वाजवायचा मोह आवरत होते. एकदा आवरला नाही.

दुपारी साहेब आले. रंगपंचमीलाही सफारी सूट, फिकट राखाडी. श्रीधरनं त्यांना तिसऱ्या रकान्याचा कागद दिला. त्यांनी तो वाचला. अर्धा. मग शांतपणे घडी घातली.

"भावना समजतात मला," ते म्हणाले. "पण आपण काचच करू या. कारागीर उद्या येतोय, त्याला नेमकी रुंदी हवी. पाणी आहे त्या पातळीला, काठाला. घेताय ना माप?"

श्रीधरचा चेहरा त्याच्या शर्टाइतका पांढरा झाला. पण माणूस शिस्तीचा. माप मागितलं की माप द्यायचं. त्यानं पिशवीतून कापडी टेप काढली.

"मी धरतो एक टोक," साहेब उत्साहानं म्हणाले. "तुम्ही लिहून घ्या." आणि पितळी कडीत बोट घालून ते रहाडीच्या पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले. काठावर. अगदी.

उड्या थांबल्या. चौकात कुजबुज पसरली. पहिला नियम सगळ्यांना पाठ होता, पण साहेबाला कोण हात लावणार? पाण्यातले पठ्ठे एकमेकांकडे बघायला लागले. मामा ओले, पिवळे, हात जोडून उभे होते, पण कुणापुढे जोडले होते ते त्यांनाही माहीत नसावं.

टेपचं दुसरं टोक माझ्याकडे आलं. मध्ये पंचवीस फूट पाणी. टेप ओली होती, कापडी होती, मध्ये लोंबत होती. श्रीधर वही उघडून बाजूला उभा होता. त्यानं टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. आणि शपथेवर सांगते, माझ्या भावानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा चेहऱ्यावरची एक रेषाही न हलवता अभिनय केला.

"ताई," तो म्हणाला, "ताण धर."

मी धरला.

बस. एवढंच. मी थोरल्या बहिणीच्या नात्यानं, धाकट्या भावाच्या सूचनेवरून, नियमाप्रमाणे ताण धरला. साहेबांचं बोट कडीत होतं, काठ ओला होता आणि बूट गुळगुळीत होते, यांपैकी कशाशीही माझा संबंध नाही. साहेब एक पाऊल पुढे आले. पुढे पाऊल ठेवायला जागा नव्हती. 'अहो अहो अहो' असं तीनदा म्हणत, फाईल डोक्यावर धरून, ते अत्यंत डौलदारपणे आत गेले.

धप्पा चांगला झाला. मामांच्या खालोखाल.

पिवळं पाणी गोल गोल हलत होतं. फाईल एका कोपऱ्यात तरंगत गेली. गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटचं यंत्र उभं होतं आणि सगळ्यांच्या मनात एकच: संपलं. आता उद्याची सुद्धा वाट बघणार नाहीत, आजच ओततील.

साहेबांचं डोकं वर आलं. दोन पठ्ठ्यांनी त्यांना दंडाला धरलं, पण त्यांनी हातानंच त्यांना बाजूला केलं. त्यांना पोहता येत होतं, आणि चांगलं येत होतं. त्यांनी काठ धरला नाही. ते तिथेच, मधोमध, पाण्यात उभे पोहत राहिले. पाणी उकळलेल्या रंगाचं, कोमट. त्यांनी तळहातानं तोंड पुसलं, तळहाताकडे बघितलं. वर आभाळाकडे बघितलं. काठावरच्या पिवळ्या माणसांकडे बघितलं. मामांकडे बघितलं.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. त्या चौकातला रस्ता आज काँक्रीटचा आहे आणि मधला एक चौकोन सुट्या दगडांचा. त्याच संध्याकाळी साहेबांनी ओल्या सफारीत घमेलं उचलून माती टाकली, एक नाही, तीन. तिसऱ्या रकान्यावर त्यांची सही आहे, ती जरा पिवळी आहे. पण हे सगळं ज्याच्यामुळे झालं ते वाक्य कुठल्याच कागदावर नाही. ते साहेबांनी पाण्यातून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"अहो, ह्याच्यावर काच बसवायचं कुठल्या गाढवानं सुचवलं होतं?"